चालती गव्हाण

"बादली कोणी वाजवायची?" एवढंच तिनं विचारलं.

घरच्याच गेस्ट हाऊसच्या जेवणघरात गावच्या हरीण मंडळाची सभा भरली होती आणि ठरायचं ते सगळं ठरून गेलं होतं. हरणं फार झाली. बागा खातात, झाडं सोलतात, रस्त्यात आडवी येतात. परवाच दुधाची गाडी एका मादीवर जाऊन नाल्यात कलंडली, ड्रायव्हरचा हात मोडला. वनखात्याकडून परवानगी आली होती. महिन्याअखेरच्या रविवारी सकाळी बाहेरून दोन बंदूकवाले येणार होते. डोंगरभर भटकायची त्यांना गरज नव्हती. हरणं रोज सकाळी आपल्या पायांनी गव्हाणीवर येतच होती. त्या दिवशी मका थोडा जास्त टाकायचा, म्हणजे सगळी येतील, खाली मान घालून निवांत उभी राहतील, आणि काम सोपं होईल. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे तिचा धाकटा दीर. त्यानं हे सगळं असं सांगितलं, जसं काही जेवणघराचे पडदे बदलायचे होते.

"कोणी म्हणजे काय वहिनी? रोज कोण वाजवतं?"

रोज तीच वाजवायची. अख्खं गाव तिला बादलीवहिनी म्हणायचं. पत्र्याच्या बादलीवर लोखंडी पळी आपटली की झाडीतून आधी कान दिसायचे, मग डोळे, मग सगळा कळप खाली उतरायचा. ही रीत सासऱ्यांनी घातलेली. ते थकल्यावर तिच्या नवऱ्यानं चालवली. नवरा तापानं गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बादली घेऊन निघाली तेव्हा बायका म्हणाल्या, बाई दगडाची आहे. ती दगडाची नव्हती. नवरा मेला हे हरणांना कोण सांगणार होतं?

"मी नाही वाजवणार," ती म्हणाली.

सभेत बाईनं नाही म्हणणं म्हणजे कुणीतरी खोकणं. खोकला थांबेपर्यंत थांबायचं आणि पुढे बोलायचं. तसंच झालं. दीर जरासा थांबला, मग बंदूकवाल्यांच्या नाश्त्याचं कोण बघणार ते विचारू लागला. तिची जाऊ चहाचा ट्रे घेऊन आली आणि जाता जाता तिच्या कानाशी म्हणाली, "अहो मोठ्या बाई, रविवारपर्यंत राग टिकला तर बघू."

राग टिकवायची गरजच नव्हती. तो आतल्या आत शिजत होता, आणि तोही आजकालचा नव्हता.

मुळात काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर वाटेल, बाई हरणांच्या मायेत वेडी झाली. फार वर्षांपूर्वी एकदा थंडी अशी पडली की वरचं गवत मुळापासून करपलं. खिंडीची वाट गोठली. हरणं गावाच्या कडेला येऊन मरायला लागली. सासरे तेव्हा जवान होते. पाठीवर गवताचे भारे वाहून त्यांनी अर्धा कळप जगवला. ते बरोबरच होतं, त्याला कोणी नाव ठेवू नये. पण पुढच्या वर्षी थंडी साधी पडली, तरी भारे निघाले. त्याच्या पुढच्याही वर्षी निघाले. एका दुखण्याचं औषध दुखणं गेल्यावरही घेत राहिलं तर त्याला काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त दुसऱ्याला चारत असलो की आपण त्याला पुण्य म्हणतो.

मग ट्रॅक्टर आला. गव्हाण कुठे असावी हे हरणांनी ठरवलं नाही, आणि माणसांनीही नाही. ते ट्रॅक्टरनं ठरवलं. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर वळेल अशी सपाट जागा एकच होती, गेस्ट हाऊसच्या खालची. तिथे लांबलचक लाकडी गव्हाण आली. मग गव्हाणीसमोर काचेची गॅलरी आली. गॅलरीत खुर्च्या आल्या, खुर्च्यांवर पाहुणे आले. पाहुणे उशिरा उठतात म्हणून हरणांची न्याहारीही उशिरा झाली.

त्याआधी थंडी सुरू झाली की हरणं खिंड ओलांडून पलीकडच्या उतारावर जायची. तिथे दिवसभर ऊन असतं, झुडपं असतात, शेंगा असतात. थंडी सरली की परत यायची. कुणी बोलवायला लागत नव्हतं, कुणी घालवायला लागत नव्हतं. म्हाताऱ्या माद्या पुढे, बाकीचा कळप मागे. गव्हाण आली आणि जाणं कमी झालं, मग थांबलंच. आता अशी पिढी होती की तिचं जग गव्हाणीपासून गेस्ट हाऊसच्या रस्त्यापर्यंत. गव्हाणीभोवतीच्या झाडांच्या साली गुडघ्यापासून छातीपर्यंत सोललेल्या. रोपटं एक उरलं नव्हतं. आणि गव्हाणीवर खायचं कोण? मोठ्या शिंगांचे नर. ते मध्ये उभे राहायचे, शिंगं हलवायचे, आणि माद्या नि पाडसं कडेला सांडलेला भुसा चाटत बसायची. ती रोज बघायची. पंगतीत वाढप्याच्या ओळखीचे असतात ना, तसलेच हे.

आणि मंडळ दरवर्षी हरणांची मोजदाद करायचं. कुठे? गव्हाणीवर, गॅलरीत बसून, चहा पीत. दरवर्षी आकडा वाढायचा. दरवर्षी मंडळ स्वतःची पाठ थोपटायचं की आमच्या चाऱ्यानं हरणं वाढली. खिंडीपलीकडे पायाचा एक ठसा उरला नव्हता, ते बघायला कोण जाणार? आणि आता तोच आकडा दाखवून तेच लोक म्हणत होते, फार झाली, मारा.

सभेच्या दुसऱ्या दिवशी ती जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. दवाखान्यात फिनेलचा वास, पिंजऱ्यात एक मांजर रागानं गुरगुरत होतं. या बाईंनी मागच्या हंगामात तिच्यासमोर एक मेलेलं पाडस फाडून दाखवलं होतं. पाहुण्यांनी पोतंभर गहू नि पाव त्याच्यापुढे ओतले होते. पोट गच्च भरलेलं. बाई तेव्हाही मंडळाला सांगत होत्या की हे भुकेनं नाही, भरल्या पोटानं मेलंय, याचं पोट काड्यापाल्याचं आहे, त्यात एकदम धान्य गेलं की आत आंबतं नि विष होतं. मंडळानं ऐकून घेतलं, बाईंना फुलं दिली आणि गॅलरीत पाटी लावली, कृपया पाव देऊ नये. पाटीखाली उभं राहून लोक पाव द्यायचे.

तिनं विचारलं, उद्यापासून चारा बंद केला तर?

बाई म्हणाल्या, तर परवा सगळी गावात. जे हळूहळू लावलं ते हळूहळूच सोडवावं लागतं. धान्य कमी करत न्यायचं, काडी-पाला वाढवायचा, एका जागी ढीग न घालता विखरून टाकायचं, आणि जागा बदलत राहायची. त्याला दोन-तीन हंगाम लागतात.

"माझ्याकडे महिनाही नाही."

"मग मी तुला खोटं कशाला सांगू," बाई म्हणाल्या. "जमेलच असं नाही. काही मरतील. ते तुझ्या माथी मारतील."

"माथी मारायला माझं डोकं आहेच की," ती म्हणाली. "आजवर त्याचा उपयोग काय होता?"

परत येताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मरायला बोलावणारा हात आपला. बादली आपली. मुक्या जनावरानं आवाजावर विश्वास ठेवला, तो आपल्या आवाजावर. मंडळाला हरणं मारायची असतील तर त्यांनी डोंगर चढावा, घाम गाळावा, हरणाला पळायची संधी द्यावी आणि मग मारावं. पण जेवायला बोलावून, माझ्या हातानं, ते नाही.

मग तिनं जे केलं ते साधं होतं, इतकं साधं की कुणाच्या लवकर लक्षातही आलं नाही. तिनं गव्हाण चालायला लावली.

गेस्ट हाऊसच्या धोबीखान्यात कपडे वाहायच्या दोन मोडक्या गाड्या पडल्या होत्या. वेल्डरकडे जाऊन तिनं त्यांची चाकं काढून घेतली आणि गव्हाणीच्या पायांना बसवली. वेल्डर म्हणाला, हिला चाकं कशाला, ही कुठे जाणार आहे? ती म्हणाली, हवापालटाला. पहिल्या सकाळी तिनं गव्हाण खोलीभर अंतर वर ढकलली. दुसऱ्या दिवशी आणखी तेवढीच. मक्यात कोंडा वाढवला, कोंड्यात वाळका पाला. सगळं गव्हाणीत न टाकता अर्धं आजूबाजूला, पुढच्या वाटेवर, लांब लांब विखरायला लागली. एका ढिगावर दादागिरी करता येते, पसरलेल्या पाल्यावर करता येत नाही. शिंगवाले इकडून तिकडे धावून दमले. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा पाडसांच्या तोंडाला धड काही लागलं.

आठवड्यात गव्हाण वळणाआड गेली आणि गॅलरीतून दिसेनाशी झाली.

पाहुण्यांनी कुरकुर केली. जाऊ म्हणाली की चहा हरणांवर विकला जातो, हरणं नाहीत तर लोक चहात माश्या शोधायला लागतात. दीर तिला अंगणात आडवा आला.

"वहिनी, गव्हाण सरकली का?"

"उतार आहे भाऊजी. सरकते."

"उतारावरून वस्तू खाली सरकते. वर नाही."

"आपल्या घरात सगळंच उलटं आहे, तुम्हाला माहीत नाही का?"

तो हसला नाही. हसला असता तर कदाचित पुढचं वेगळं झालं असतं, कारण नवरा होता तेव्हा हाच दीर तिच्या हातची भाकरी चुलीवरून पळवायचा आणि तिला हसवायचा. आता तो अध्यक्ष होता. त्याच दुपारी त्यानं ट्रॅक्टर नेला, गव्हाण बांधली, खाली ओढत आणली आणि चार खुंट्या ठोकून जागच्या जागी बसवून टाकली. तिला म्हणाला, उद्यापासून चाऱ्याचं काम तुमच्याकडे नाही. गोदामाची किल्ली द्या.

तिनं किल्ली दिली. गोदामात मका होता आणि पेंड होती. पाला गोदामात नव्हता, तो डोंगरात होता, त्याला कुलूप नव्हतं. दुसऱ्या सकाळपासून ती कोयता घेऊन निघायला लागली. फांद्या तोडायच्या, भारा बांधायचा, पाठीवर टाकायचा आणि काल जिथवर कळप आला होता त्याच्या पुढे नेऊन पसरायचा. हेच सासऱ्यांनी जवानीत केलं होतं. फरक एवढाच की ते हरणांना खाली आणत होते आणि ही वर नेत होती. बादली मात्र तिनं नेली नाही. ती नुसती पुढे चालायची आणि फांद्या टाकत जायची. बादलीशिवाय यायला पहिल्या दिवशी फार थोडी तयार झाली. माद्या होत्या, पाडसं होती, ज्यांना खाली काही मिळतच नव्हतं ती. खाली दिराच्या गड्यांनी भरलेल्या मक्यावर नर होतेच.

सासऱ्यांनी तिच्या हातचा चहा घेणं बंद केलं. पडवीत काठी टेकून बसायचे, ती समोरून गेली की भिंतीकडे बघायचे. एका दुपारी तिनं कप त्यांच्यापुढे ठेवला आणि उभीच राहिली.

"मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढतेस," ते भिंतीला म्हणाले.

"काढते."

"लाज नाही वाटत?"

"बाबा, तुम्ही घास दिला आणि त्यांनी वाट दिली. देवघेव झाली. घास खाऊन संपला, वाट गेली ती गेलीच."

म्हाताऱ्याचा हात काठीवर घट्ट झाला. त्यांच्या आयुष्यात दाखवण्यासारखं एवढंच एक होतं, तो कळप जगवलेला हिवाळा. तिला ते कळत होतं. कळत असूनही तिनं बोलणं थांबवलं नाही. काही माणसांना वाटतं, म्हाताऱ्याचं मन राखलं म्हणजे झालं. मन राखता राखता बाकी काय काय मरतं ते कोणी बघत नाही. तिनं रविवारचं सगळं सांगून टाकलं. बंदूकवाले, जास्तीचा मका, बादली.

सासऱ्यांनी पुढ्यातला कप काठीनं लांब सारला. मग म्हणाले, "माझा मुलगा असं करणार नाही."

"विचारा त्याला."

त्यांनी विचारलं नाही. दीर दोनदा पडवीतून गेला, म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. विचारलं की उत्तर येतं, हे त्या वयाला पक्कं ठाऊक असतं.

खिंडीच्या खालच्या चढावर कळप अडला. दोन दिवस तिथेच. पुढे खडक, वारा, आणि तरुण हरणांनी कधी न पाहिलेली जागा. ती फांद्या पुढे टाकायची, हरणं बघायची, येत नसत. तिचे तळहात फाटले होते, खांदा सुजला होता. तिसऱ्या सकाळी तिनं भारा टाकला आणि स्वतःच खडकावर बसून शिव्या दिल्या, हरणांना, दिराला, मेलेल्या नवऱ्यालासुद्धा, की हे लचांड माझ्या गळ्यात टाकून गेलास. एक म्हातारी मादी, पाठ वाकलेली, कान फाटका, तिच्या शिव्या ऐकत असल्यासारखी उभी होती. मग ती मादी चालायला लागली. फांद्यांकडे नाही. फांद्या तिनं हुंगल्याही नाहीत. खडकांच्या डावीकडून एक वाट होती, ती कुणाच्या डोळ्यांना वाट दिसतही नव्हती, तिकडून ती सरळ वर गेली, मध्ये एकदा थांबली, नाक उचललं आणि खिंडीत शिरली. तिच्या मागे एक मादी. मग पाडस. मग ओढा फुटावा तशी एकामागून एक.

बादलीवहिनीनं हातातली फांदी खाली ठेवली. आता ती कशालाच लागत नव्हती.

पण सगळी गेली नव्हती. जाडजूड शिंगवाले खालीच होते. ज्यांना पोटभर मिळतं ते जागा सोडत नाहीत, हे हरणांनाही लागू आहे आणि मंडळांनाही.

रविवारी सकाळी ती उन्हं यायच्या वेळेला निघाली, आणि वळणावर आली तर खालून बादलीचा आवाज. बादल्या काय, स्वयंपाकघरात ढिगानं होत्या. दीर स्वतः वाजवत होता, वाईट वाजवत होता, पण मक्याच्या वासापुढे ताल कोण बघतो. नर गव्हाणीकडे निघाले होते. त्यांच्यामागे चार-दोन माद्याही होत्या, त्याही कुठल्या तरी पाडसाला घेऊन परत खाली वळलेल्या. वर नेलेलं सगळं वर राहत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं.

ती उतारावरून पळत सुटली. या वयात पळणं म्हणजे पडणंच असतं, फक्त पाय पुढे टाकत पडायचं. गॅलरीच्या दोन खिडक्या उघडल्या होत्या आणि त्यांतून दोन नळ्या बाहेर आल्या होत्या. मंडळ मागे खुर्च्यांवर बसलं होतं. मक्यानं गव्हाण काठोकाठ भरली होती. हरणं तिला बघून बिचकली नाहीत, तिला बघून ती कधीच बिचकत नसत, आणि हीच तर सगळी भानगड होती. शिंगांच्या मधून वाट काढत ती गव्हाणीपाशी आली, काठावर पाय ठेवला आणि आत चढून मक्यात मांडी घालून बसली.

गॅलरीत सगळे उभे राहिले.

"वहिनी, उठा," दीर खिडकीतून म्हणाला.

"तुम्ही मारा. मी कुठे अडवलंय?"

जाऊ दुसऱ्या खिडकीतून म्हणाली की बघा, गवताच्या गंजीवरचं कुत्रं, स्वतः खाईना आणि दुसऱ्याला खाऊही देईना. त्यावर मंडळातले दोघं-तिघं हसले.

"भुंकतंय तरी," ती म्हणाली. "तुमच्यात कुणाच्या तोंडून तेवढंही निघेना."

दोघा बंदूकवाल्यांतला वयस्क होता त्यानं नळी आत घेतली. काडतूस काढून खिशात टाकलं. दिरानं त्याला विचारलं, हे काय? तो शांतपणे म्हणाला की माणूस असलेल्या दिशेला मी नळी धरत नाही, तुमचं घरचं भांडण आधी मिटवा. दुसऱ्यानंही मग बंदूक भिंतीला लावली. तो बहुतेक निमित्ताचीच वाट बघत होता.

दीर बाहेर आला. तिच्यापासून चार हातांवर उभा राहिला, आणि मधे दोन नर, मका खात. चेहरा लाल झाला होता. आवाज मात्र हळू. "या घरात राहायचं असेल तर आत्ता उठायचं. दादा असता तर त्यानं ओढून काढलं असतं तुम्हाला."

"दादा असता तर इथे माझ्या शेजारी बसला असता, आणि तुम्हाला ते माहीत आहे, म्हणून त्याचं नाव घेताना खाली बघताय." तिनं मूठभर मका उचलून खाली सोडला. "आणि घर तुमचं नाही भाऊजी. घर ज्याचं आहे तो जिवंत आहे."

तो जिवंत माणूस तेव्हा पायऱ्यांवर उभा होता. बादली ऐकून आला होता. इतकी वर्षं बादली ऐकून तो खिडकीशी यायचा, आज आवाज चुकीचा वाटला म्हणून बाहेर आला. त्यानं उघड्या खिडक्या बघितल्या. भिंतीला लावलेल्या बंदुका बघितल्या. भरलेली गव्हाण आणि तीत बसलेली सून. मग मुलाला विचारलं, जे आठवडाभर विचारलं नव्हतं.

"जेवायला बोलावून?"

दिरानं परवानगीचं सांगितलं, वनखात्याचं, रस्त्यावरच्या अपघाताचं. यातलं खोटं काहीच नव्हतं. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर अजून हात गळ्यात अडकवून फिरत होता.

"परवानगी त्यांनी दिली असेल," सासरे म्हणाले. "गव्हाण मी ठोकली. खाली मान घालून खाणाऱ्याला इथे कोणी मारणार नाही. मारायचंच असेल तर डोंगर आहे. जा, पळव त्यांना आणि पळता पळता मार." मग बंदूकवाल्यांना म्हणाले, "पाहुणे आहात. नाश्ता करा आणि निघा."

एवढं बोलून ते तिच्याकडे वळले. कुणाला वाटेल, आता म्हातारा विरघळला, डोळे पुसेल. काही नाही. काठी तिच्यावर रोखली.

"आणि तू. तू त्यांना उपाशी ठेवलंस. हे मी विसरणार नाही."

"नका विसरू."

"चहा आजही घेणार नाही तुझ्या हातचा."

"नका घेऊ. पण उद्यापासून गव्हाणीत मका पडणार नाही, हे तुम्ही सांगायचं. तुमचंच ऐकतील."

सासरे पायऱ्यांवर खाली बसले आणि गोदामाच्या किल्लीसाठी मुलापुढे हात पसरला. दीर उभा राहिला. मंडळ बघत होतं, जाऊ बघत होती, बंदूकवाले बशीत चहा ओतून बघत होते. शेवटी खिशातून किल्ली निघाली, ती म्हाताऱ्याच्या हातावर आपटली.

"पुढच्या रविवारी पुन्हा बोलावीन मी त्यांना," दीर म्हणाला.

"बोलवा," ती गव्हाणीतून म्हणाली. "मी येऊन बसेन. मला दुसरं काम कुठे आहे? कामावरून तुम्हीच काढलंत ना?"

कोणी तिला उठवायला आलं नाही आणि तीही उठली नाही. मका संपेपर्यंत तिला बसायचं होतं, कारण मका होता तोवर हरणं होती, आणि हरणं होती तोवर खिडक्या उघड्या होत्या. एका दांडग्या नरानं तिच्या मांडीखालचे दाणे काढायला शिंगानं तिला सरळ बाजूला ढकललं. कोपर फळीवर आपटलं. तिनं त्याला आईवरून शिवी दिली आणि थोडी सरकली. मका कमी होत गेला. फळ्या दिसायला लागल्या. एक पाडस मोठ्यांच्या पायांतून शिरलं, त्याला कोपऱ्यातले चार दाणे मिळाले. मग नुसतं लाकूड चाटण्याचा आवाज येऊ लागला, खरखर, खरखर, आणि कोणी बादली वाजवेना.

एक नर गेस्ट हाऊसच्या मागे वळला आणि थोड्याच वेळात जाऊच्या कोबीच्या वाफ्यातून आरडाओरडा ऐकू आला. तेही होणारच होतं. पुढचे कितीतरी दिवस होणार होतं. गावानं तिला शिव्या द्यायच्या आणि तिनं फांद्या तोडायच्या, दोन-तीन हंगाम.

बाकीची थोडा वेळ उभी राहिली. रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून बघितलं, तिच्या हातांचा वास घेतला, हातात काही नव्हतं. मग त्या पाडसाची आई वळली आणि वर चालायला लागली, सोललेल्या झाडांमधून, वळणाच्या दिशेनं. नर तिच्यामागे निघाले, कुरकुरत, थांबत, जसे काही त्यांच्यावरच अन्याय झाला होता. एकानंही तिच्याकडे वळून बघितलं नाही.

तिला तेच हवं होतं.